ओरेगॉनची वाट : एका शाळकरी खेळाचा इतिहास

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुटींत तो आमच्या घरीं राहावयास आला होता. एके दुपारीं त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, त्याच्यावर फार रागावली. कारण ताट वाढून झालें तरी चिरंजीवांचें डोकें मोबाइलमधून वर निघेना. त्यानें मान न हलवितां उत्तर दिलें, "आई, मी नुसता खेळत नाहीं, इतिहास शिकतों आहें." बहीण माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, आतां तूंच सांग ह्याला." भाचाहि "मामा" म्हणून माझ्याकडे आशेनें पाहूं लागला. घरांतील वडील माणूस ह्या नात्यानें निवाडा मीं द्यावा अशी दोघांचीहि अपेक्षा होती, आणि खरें सांगावयाचें तर मला तो देतां आला नाहीं. खेळून इतिहास शिकतां येतो काय, आणि येत असेल तर नेमका कोणता इतिहास शिकला जातो, ह्याचें उत्तर मजजवळ नव्हतें. तें शोधण्यासाठीं मीं जें थोडें वाचन केलें, त्यांतून हातीं लागलेली एका खेळाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

खेळांतून शिकविण्याची कल्पना नवी नाहीं. आपल्याकडील मोक्षपट हें तिचें जुनें उदाहरण होय. त्याचें कर्तृत्व परंपरेनें ज्ञानेश्वर महाराजांकडे दिलें जातें. ह्या पटावर शिडीच्या पायथ्याशीं सद्गुणाचें नांव आणि सापाच्या तोंडाशीं दुर्गुणाचें नांव लिहिलेलें असे. दयेच्या घरांत आलेला खेळाडू वर चढे, क्रोधाच्या घरांत आलेला खालीं घसरे, आणि अखेरच्या घरांत मोक्ष असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडांत गेला आणि पुढें सापशिडी ह्या नांवानें जगभर पसरला. आज बाजारांत मिळणाऱ्या पटावर दया नाहीं, क्रोध नाहीं आणि मोक्षहि नाहीं. साप, शिड्या आणि फासा मात्र आहेत. लिहिलेला बोध पुसला गेला आणि नियम तेवढा उरला.

ही गोष्ट वाटते त्याहून अधिक विचार करण्यासारखी आहे. मूळच्या मोक्षपटांत तरी दयेच्या घरीं जाणें किंवा क्रोधाच्या तोंडीं सांपडणें हें खेळणाऱ्याच्या हातीं कोठें होतें? तें पडलेलें दान ठरवी. तेव्हां खेळणाऱ्या मुलाच्या मनावर ठसा उमटे तो घरांतील अक्षरांचा, कीं दानाच्या सत्तेचा? खेळ तोंडानें एक सांगतो आणि नियमांनीं दुसरेंच शिकवितो, असें तर होत नाहीं ना? हा प्रश्न मनांत ठेवून आपण आतां आपल्या देशापासून दूर, अमेरिकेंतील शाळांत जाऊं. कारण संगणकावरील खेळानें इतिहास शिकविण्याचे पहिले प्रयोग तेथें झाले.

ह्या प्रयोगांचा आरंभ एका शिक्षिकेकडून झाला. न्यूयॉर्क राज्यांतील कॅटोना ह्या गांवीं मेबल ॲडिस ह्या बाई प्राथमिक शाळेंत शिकवीत असत. १९६४ सालीं त्यांनीं आयबीएम कंपनीच्या तंत्रज्ञांच्या साह्यानें सहाव्या इयत्तेसाठीं "सुमेरियन गेम" नांवाचा खेळ रचला. त्यांत मुलाला प्राचीन सुमेरमधील लगाश नगरीचा राजा व्हावें लागे. सुगी झाली कीं यंत्र विचारी : प्रजेच्या पोटासाठीं किती धान्य द्यावयाचें, बियाण्यासाठीं किती ठेवावयाचें, आणि कोठारांत किती भरावयाचें? हिशेब चुकला तर प्रजा उपाशी मरे. मोक्षपटाहून येथें एक मोठा फरक आहे. येथें निर्णय मुलाचा आहे; नशिबाचाहि वांटा आहे, पण तो निर्णयाच्या मागून येतो. हा प्रयोग १९६७ सालीं संपला. मात्र त्याचीच एक छोटी नक्कल पुढें "हॅमुराबी" ह्या नांवानें संगणकप्रेमी लोकांत पुष्कळ वर्षें फिरत राहिली.

आपल्या हकीकतीचा मुख्य भाग घडला तो १९७१ सालीं, मिनेसोटा राज्यांतील मिनिआपोलिस शहरीं. डॉन रॉविट्श हा कार्लटन कॉलेजचा विद्यार्थी आठव्या इयत्तेस इतिहास शिकविण्याची उमेदवारी करीत होता. विषय होता अमेरिकेचा पश्चिमेकडील विस्तार. त्यानें भिंतीएवढ्या कागदावर नकाशा काढून, फासे व पत्ते ह्यांच्या साह्यानें खेळावयाचा एक पट योजिला होता. त्याच्याच बिऱ्हाडांत बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे गणिताचे दोन उमेदवार शिक्षक राहात होते. त्यांनीं तो कागद पाहिला आणि म्हटलें, हें तर संगणकावर करतां येईल. दोन आठवड्यांच्या आंत तिघांनीं मिळून तें काम पुरें केलें, आणि ३ डिसेंबर १९७१ रोजीं वर्गांतील मुलांनीं "ओरेगॉन ट्रेल", म्हणजे ओरेगॉनची वाट, हा खेळ प्रथम खेळला.

त्या वर्गांत पडदा नव्हता, हें ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. शाळेंत होतें तें टेलिटाइप नांवाचें एक अवजड टंकयंत्र. तें दूरध्वनीच्या तारेनें दूरच्या संगणकाशीं जोडलेलें असे. मुलानें कळा दाबून उत्तर द्यावें आणि यंत्रानें खडखडाट करीत कागदाच्या गुंडाळीवर पुढची हकीकत छापावी. शिकारीची वेळ आली कीं बंदुकीच्या बाराचा शब्द शक्य तितक्या त्वरेनें आणि बिनचूक टंकित करावा लागे. उशीर झाला तर सावज निसटे. यंत्र एक आणि मुलें अनेक, म्हणून गट पाडावे लागले. ज्याचीं बोटें चपळ त्यानें शिकार करावी, ज्याचें गणित चांगलें त्यानें पैशांवर नजर ठेवावी, आणि पुढें काय करावयाचें तें सर्वांनीं मिळून ठरवावें, अशी कामाची वांटणी मुलांनींच केली. ही वांटणी कोणत्याहि धड्यांत नव्हती. अडचणीनें ती शिकविली.

आतां मूळ ओरेगॉनची वाट म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मिसूरी राज्यांतील इंडिपेंडन्स गांवापासून पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या ओरेगॉन प्रांतापर्यंत सुमारें दोन हजार मैलांचा हा गाडीमार्ग होता. १८४० नंतरच्या दोन-तीन दशकांत, १८६९ सालीं आरपार रेल्वे होईपर्यंत, ह्या आणि ह्याच्या जोडमार्गांनीं तीन-चार लाख माणसें पश्चिमेकडे गेलीं असा अंदाज आहे. कापडी छताच्या गाडीला बैल जुंपलेले, गाडींत पीठ, खारविलेलें मांस व बाडबिस्तरा, आणि माणसें बहुधा पायींच, असा पांच-सहा महिन्यांचा प्रवास असे. वसंतांत निघून हिमवर्षावापूर्वीं डोंगर ओलांडावे लागत. वाटेवर मरण आलें तें मुख्यतः पटकीनें, इतर रोगांनीं, नदी ओलांडतांना बुडून आणि बंदुकीच्या वा गाडीच्या अपघातांनीं. सिनेमांत दिसतो तसा मूळच्या रहिवाशांचा हल्ला हें त्या मानानें विरळा कारण होतें.

खेळांतील कुटुंब १८४७ च्या वसंतांत निघे. गाडी घेऊन झाल्यावर उरलेले सातशें डॉलर बैल, अन्न, दारूगोळा, कपडे आणि किरकोळ सामान ह्यांत वांटावयाचे असत. दर पाळीस दोन आठवडे उलटत, आणि वाटेंत कधीं चाक मोडे, कधीं बैल लंगडा होई, कधीं पाऊस गांठी. कपड्यांवर काटकसर केलेलें कुटुंब डोंगरांतील थंडींत सांपडे, आणि मगच मुलाला कळे कीं इंडिपेंडन्सच्या दुकानांत वांचविलेले दहा डॉलर किती महाग पडले. क्रमिक पुस्तकांत "प्रवास खडतर होता" हें एक वाक्य असतें. खेळांत तें वाक्य मुलाच्या हिशेबांतून सिद्ध होऊन त्याच्यापुढें येतें. खेळाची खरी शक्ति येथें आहे, आणि ती मान्य केलीच पाहिजे.

सत्र संपलें. उमेदवारी संपली. रॉविट्शनें सगळ्या आज्ञावलीचा छापील कागद जवळ ठेवून घेतला आणि संगणकांतून खेळ पुसून टाकला. पुढें १९७३ सालीं मिनेसोटा राज्यानें शाळांना संगणक पुरविण्यासाठीं एक सार्वजनिक संस्था काढली. तिचें आद्याक्षरांचें नांव मेक. १९७४ सालीं रॉविट्श तेथें नोकरीस लागला आणि त्यानें जुन्या कागदावरून सर्व ओळी पुन्हां यंत्रांत भरल्या. परंतु ह्या वेळीं त्यानें एक गोष्ट अधिक केली, आणि माझ्या मतें ह्या साऱ्या इतिहासांतील सर्वांत शिक्षकाला शोभणारी गोष्ट हीच होय. पहिल्या खेळांत कोणतें संकट किती वेळां यावें हें अंदाजानें ठरविलेलें होतें. आतां त्यानें त्या वाटेनें गेलेल्या प्रवाशांच्या रोजनिश्या वाचल्या, कोणती गोष्ट किती वेळां घडली ह्याची नोंद केली, आणि खेळांतील संकटांचें प्रमाण त्याप्रमाणें बदललें. त्या रोजनिश्यांत मूळचे रहिवासी वाट दाखवितांना, अन्न देतांना, मदत करतांना दिसले. तेव्हां खेळांतहि त्यांना तें स्थान मिळालें. शत्रु म्हणून घातलेलें पात्र पुराव्यासमोर बदललें. खेळाचा नियमहि ग्रंथांतील विधानाप्रमाणें तपासतां येतो, आणि तो तपासलाच पाहिजे, हें ह्या तरुणानें दाखवून दिलें.

नंतरची प्रगति झपाट्याची आहे. खेळ राज्यभरच्या शाळांत गेला. १९७८ सालीं "क्रिएटिव्ह कंप्युटिंग" ह्या मासिकांत त्याची आज्ञावली छापून आली. त्याच सुमारास मेकनें शाळांसाठीं ॲपल कंपनीचे छोटे संगणक घेण्यास आरंभ केला, आणि टेलिटाइपची जागा पडद्यानें घेतली. १९८५ सालीं फिलिप बूशार्ड ह्यांच्या नेतृत्वाखालीं खेळ मुळापासून नव्यानें रचला गेला. त्यांत चित्रें आलीं, नद्या आल्या, शिकारीचें रान आलें, आणि वाटेंत मेलेल्यांचीं थडगींहि आलीं. अमेरिकेंतील एक अख्खी पिढी हा खेळ शाळेंत खेळून मोठी झाली. आमांशानें मेल्याची त्यांतील सूचना त्या पिढीच्या थट्टेचा विषय होऊन बसली आहे. २०१६ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथील द स्ट्राँग ह्या संग्रहालयानें त्याला व्हिडिओ गेमच्या सन्मानमालिकेंत स्थान दिलें.

१९८५ च्या खेळांतील एक नियम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. आरंभीं मुलानें आपला धंदा निवडावयाचा : बोस्टनचा पेढीवाला, ओहायोचा सुतार किंवा इलिनॉयचा शेतकरी. पेढीवाल्याजवळ सोळाशें डॉलर, सुताराजवळ आठशें, शेतकऱ्याजवळ अवघे चारशें. पण शेवटीं गुण मोजतांना सुताराचे गुण दुप्पट आणि शेतकऱ्याचे तिप्पट होत. जवळ थोडें असतां जो मुक्कामीं पोंचला त्याची किंमत अधिक, हा धडा त्या गुणाकारांत होता. कोणीहि तो बोलून दाखविला नाहीं. तरी शेतकरी होऊन पोंचण्याची ईर्षा बाळगणाऱ्या मुलाला तो कळलाच. मोक्षपटाच्या वेळीं मनांत आलेला प्रश्न येथें सुटतो. खेळ ज्याचे गुण देतो तें तो शिकवितो.

हें एकदां मान्य केलें कीं दुसरा, अधिक अवघड प्रश्न पुढें उभा राहतो. खेळ ज्याचे गुण देत नाहीं, ज्याची मोजदादच करीत नाहीं, त्याचें काय? ओरेगॉनच्या खेळांत बैल मोजले जात, गोळ्या मोजल्या जात, अन्नाचे पौंड मोजले जात. जमीन मात्र मोजली जात नसे. वाट संपे ती विलॅमेट खोऱ्यांत. तेथें पोंचणें हाच विजय. ती जमीन कोणाची, हा प्रश्न विचारण्यास खेळांत जागाच नव्हती. वस्तुतः त्या खोऱ्यांत कलापुया लोकांची फार जुनी वस्ती होती. बाहेरून आलेल्या रोगांनीं ती आधींच मोडकळीस आली होती. १८५० सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें केलेल्या कायद्यानें तेथें आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना ३२० एकरांपर्यंत, आणि विवाहित जोडप्याला ६४० एकरांपर्यंत जमीन फुकट मिळूं लागली. १८५५ च्या तहानें कलापुयांनीं खोरें सोडलें, आणि १८५६ सालीं त्यांना ग्रँड रॉन्ड येथील राखीव भूमींत नेण्यांत आलें. खेळाच्या शेवटच्या पाळीनंतर घडलेली ही गोष्ट शाळकरी मुलाच्या पडद्यावर कधींच आली नाहीं.

ह्यांत कोणी हेतुपूर्वक खोटें सांगितलें असें मला म्हणावयाचें नाहीं. रॉविट्शनें रोजनिश्या वाचल्या हें आपण पाहिलेंच. पण त्या रोजनिश्या गाडींत बसलेल्यांनीं लिहिलेल्या होत्या. गाडी येतांना ज्यांनीं पाहिली त्यांच्या रोजनिश्या त्याच्या टेबलावर नव्हत्या. पुस्तकांतील चुकीचें वाक्य शिक्षकाला खोडतां येतें. परंतु जें वाक्य लिहिलेंच गेलें नाहीं तें खोडणार कसें? खेळांत ही अडचण अधिक तीव्र होते. वाचणारा मुलगा मधेंच थांबून शंका काढूं शकतो. खेळणारा मुलगा जिंकण्याच्या घाईंत असतो, आणि नियमाबद्दल शंका काढणारा खेळाडू हरतो.

ह्या न्यूनतेला मिळालेलें उत्तरहि खेळाच्याच रूपानें मिळालें, आणि तेंहि मिनेसोटांतून. २०१९ सालीं तेथील इंडियन लँड टेन्युअर फाउंडेशन ह्या मूळनिवाशांच्या संस्थेनें, एलिझाबेथ लापेन्से ह्या रचनाकर्तीच्या साह्यानें, "व्हेन रिव्हर्स वेअर ट्रेल्स" नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याचें लेखन अनेक मूळनिवासी लेखकांनीं केलें आहे. काळ आहे १८९० नंतरचा. खेळणारा असतो अनिशिनाबे जमातींतील एक माणूस. सरकारनें जमातीची सामायिक जमीन तुकडे पाडून वांटून टाकल्यामुळें त्याला घर सोडावें लागतें आणि तो मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत वाट चालतो. वाट पुन्हां पश्चिमेचीच. पण येथें अन्नाबरोबर शरीर, भावना, बुद्धि आणि आत्मा ह्यांचें स्वास्थ्य मोजलें जातें. २०२१ सालीं गेमलॉफ्ट कंपनीनें जुन्या ओरेगॉनच्या खेळाची नवी आवृत्ति काढली, तेव्हां तिनेंहि मूळनिवासी अभ्यासकांचा सल्ला घेतला आणि मूळनिवासी पात्रांच्या बाजूनें खेळण्याची सोय केली. पन्नास वर्षांनीं कां होईना, मोजदादीचें कोष्टक बदललें.

आतां थोडें आपल्या घरांकडे वळूं. ओरेगॉनचा मूळ खेळ वर्गाच्या तासासाठीं केलेला होता. त्याला शेवट होता. मुक्काम आला किंवा कुटुंब मेलें कीं तो संपे, आणि घंटा होई. त्याच्या तिघां कर्त्यांना त्यांतून धन मिळावयाचें नव्हतें. आज मुलांच्या हातीं असलेल्या पुष्कळ खेळांना शेवट नाहीं, कारण तो नसण्यांतच विकणाऱ्याचा लाभ आहे. रोज हजेरी लावणाऱ्याला त्यांत बक्षीस मिळतें आणि एक दिवस चुकविणाऱ्याचें नुकसान होतें. आपल्या कसोटीनें पाहिलें तर हा खेळ मुलाला चिकटून राहण्याचे गुण देतो, आणि म्हणून तेंच शिकवितो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या अनावर आसक्तीचा समावेश केला. चीननें २०२१ सालीं अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीचे दिवस एवढेच, आणि त्या दिवशीं एकेक तासच, ऑनलाइन खेळ मिळावा असा नियम केला. आपल्या संसदेनें २०२५ सालीं पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. हे उपाय आपापल्या जागीं असोत. परंतु कायदा वेळ मोजूं शकतो, पैसा मोजूं शकतो. त्या वेळांत मुलाच्या मनांत काय भरलें जातें तें पाहण्याचें काम घरालाच करावें लागणार.

त्यासाठीं वडील माणसांनीं खेळांत निष्णात व्हावें लागतें असें नाहीं. मुलाशेजारीं अर्धा तास बसावें आणि दोन प्रश्न विचारावे. ह्या खेळांत काय काय मोजलें जातें? आणि काय मोजलें जात नाहीं? पहिल्याचें उत्तर मूल चटकन् देतें आणि त्यांत त्याला अभिमान वाटतो. दुसऱ्यासाठीं त्याला खेळ थांबवावा लागतो. तेथें जें थांबणें घडतें, त्यांत इतिहासाचा अभ्यास सुरू होतो.

हें सारें वाचून झाल्यावर, त्याच सुटीच्या अखेरीस, मी भाच्याजवळ बसलों. त्याचा खेळ कोठल्याशा साम्राज्याचा होता. पहिल्या प्रश्नाला त्यानें घडाघडा उत्तर दिलें : सोनें, धान्य, लांकूड, शिपाई, किल्ले. दुसऱ्या प्रश्नाला तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, मी गांव जिंकतों तेव्हां तें माझ्या रंगाचें होतें. पण तिथल्या माणसांचें काय होतें तें ह्यांत कुठेंच नाहीं." मीं त्याला म्हटलें, तें शोधावयाचें असेल तर आतां पुस्तक लागेल, आणि तें आपण दोघे मिळून आणूं.

राहिला बहिणीचा निवाडा. तो मीं तिला दोन वाक्यांत दिला. मुलगा इतिहास शिकत होता हें खरें, पण अर्धाच; उरलेला अर्धा आपण शेजारीं बसल्यावांचून तो शिकणार नाहीं. आणि ताट वाढल्यावर पहिल्या हांकेला उठून यावयाचें, ह्या नियमाला कोणत्याहि खेळाची सबब चालावयाची नाहीं.